आशिया अभ्यास केंद्राचं बातमीपत्र आलं की काय करायचं

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, 22 वर्षं झाली. वाचनालयाच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला हिरव्या कापडाचा फळा आहे. त्यावर मी दर महिन्याला वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आशिया अभ्यास केंद्रांची, म्हणजे आशियाचा इतिहास, भाषा, समाज अभ्यासणाऱ्या विभागांची, बातमीपत्रं छापून लावते. पोरं येतात, उभ्या उभ्या चाळतात, शिकागो, हायडेलबर्ग, लायडन अशी नावं दिसली की म्हणतात, "मॅडम, हे आपल्यासाठी नाही." आणि पोलीस भरतीची जाहिरात बघायला पुढं सरकतात.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच बसले. लेकरांनो, हे आपल्यासाठीच आहे. तिथं ज्याचा अभ्यास चालतो ते पुष्कळदा आपल्याच गावचं असतं. जर्मनीत हायडेलबर्गला 1962 साली दक्षिण आशिया संस्था निघाली. तिथले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर राहिले, खंडोबाच्या जत्रा फिरले. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी महानुभावांच्या ग्रंथांवर आयुष्य घातलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक अजिंठ्याला वर्षानुवर्षं येत राहिले आणि तिथल्या बहुतेक महायान लेण्या वाकाटक हरिषेणाच्या काळात, अवघ्या वीसेक वर्षांत कोरल्या गेल्या असं मांडत राहिले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर 1969 साली पीएच.डी. पुरी केली, तेव्हा आपल्याकडं या विषयाला हात घालणारे प्राध्यापक मोजकेच होते. ही माणसं हजारो मैलांवरून येऊन आपली भाषा शिकली. आपल्याला भाषा शिकायची नाही, फक्त दार कुठं आहे ते बघायचंय. ते दार या बातमीपत्रातच असतं.

एक योगायोग मला फार आवडतो. आपलं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं 23 ऑगस्ट 1958 ला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, 2 सप्टेंबर 1958 ला, अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. आदल्या वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिका दचकली होती. जगाच्या भाषा आणि प्रदेश आपल्याला ठाऊक नाहीत हे त्यांना टोचलं. त्या कायद्यातून विद्यापीठांतल्या प्रदेश अभ्यास केंद्रांना पैसा मिळू लागला. म्हणजे आपलं विद्यापीठ आणि अमेरिकेतली ही केंद्रं साधारण एका वयाची आहेत.

बातमीपत्र मिळवायचं कसं, हे सोपं आहे. नेदरलँड्समधल्या लायडनची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एशियन स्टडीज 1993 पासून आहे, तिचं 'द न्यूजलेटर' फुकट वाचायला मिळतं. लंडनचं सोआस, हायडेलबर्ग, मिशिगन, शिकागो, विस्कॉन्सिन-मॅडिसन, आणि आपल्या देशात कोलकात्याची मौलाना अबुल कलाम आझाद आशियाई अध्ययन संस्था. एवढ्या ठिकाणी ईमेल नोंदवला तरी पुरे. त्यासाठी एक वेगळा ईमेल काढा. तुमच्या खऱ्या नावाचा, आकडे आणि टोपणनाव न लावलेला. भरती, रिचार्ज, बँक यांच्या गर्दीत ही पत्रं हरवतात आणि मुदत संपल्यावर सापडतात.

वाचायचं कुठून

बातमीपत्रात चार-पाच जातीच्या बातम्या असतात. अमक्या प्राध्यापकाला सन्मान मिळाला, तमक्याचं पुस्तक आलं, व्याख्यानं ठरली, परिषदेसाठी निबंध मागवलेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि शेवटी कुणी वारलं असेल तर त्याची आठवण. आपली पोरं शिष्यवृत्तीवर उडी मारतात, पात्रता वाचतात आणि खचतात. मी सांगेन, शेवटून वाचा.

श्रद्धांजलीचा मजकूर आधी. स्पिंक 2019 ला गेले, झेलियट 2016 ला. अशा माणसाबद्दल त्याचे विद्यार्थी जे लिहितात, त्यातून त्या विषयाचं घराणं कळतं. कुणाकडं कोण शिकलं, कुठल्या गावी राहिलं, कुठला वाद कुणाशी झाला, आता कोण कुठं शिकवतंय. गाण्यात घराणं असतं तसंच हे आहे. पाच नावं वहीत उतरून काढा. पुढं तुम्ही कुणाला ईमेल लिहिणार आहात ते या पाच नावांतून ठरतं.

मग व्याख्यानं. बरीचशी आता ऑनलाइनही ऐकता येतात, नाव नोंदवलं की दुवा येतो. शिकागोला दुपारी 12 चं व्याख्यान म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. हायडेलबर्गला दुपारी चारचं म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. हा एका तासाचा फरक का, तर ते लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागं घेतात. आपण करत नाही. ऐकताना इंग्रजी पहिल्या वेळी निम्मं कळेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी कान बसतो. एक प्रश्न आधीच लिहून ठेवा आणि तो चॅटमध्ये टाका. एम.ए.च्या एका मुलानं मलिक अंबरावरच्या व्याख्यानात विचारलं होतं की खडकी शहर (आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवताना त्यानं जी नहर बांधली, ती स्वच्छ ठेवणाऱ्या माणसांबद्दल काही कागद आहेत का. वक्त्यानं त्याला दुसऱ्या दिवशी ईमेल करून चार लेख पाठवले. तो मुलगा रोज तिथल्या पाणचक्कीसमोरून कॉलेजला जायचा, म्हणून त्याला हा प्रश्न सुचला.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. अमेरिकन केंद्रांच्या बातमीपत्रात 'फ्लास' नावाची भाषा-शिष्यवृत्ती कधी दिसली, तरी हुरळू नका. ती अमेरिकन नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच मिळते, तिथं वेळ घालवू नका. फुलब्राइट-नेहरू ही आपल्यासाठी आहे, तिची वेळापत्रकं वेगळी असतात, ती तिच्या दिल्लीच्या कार्यालयाकडून जाहीर होतात. बाकी ठिकाणी पात्रतेची ओळ दोनदा वाचायची, बस.

आपलं खरं दार म्हणजे 'कॉल फॉर पेपर्स'. निबंध मागवणं. त्याला तुमच्या देशाशी, वयाशी, कॉलेजच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं. 250-300 शब्दांचा गोषवारा मागतात आणि तो वाचून ठरवतात.

तारीख

यावर मी जास्त बोलते, कारण इथं मी एका पोराचं नुकसान केलंय. एका बातमीपत्रात मुदत लिहिली होती 03/05. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 3 मे. अमेरिकेत आधी महिना लिहितात. ती मुदत होती 5 मार्च. त्यानं एप्रिलभर मेहनत करून गोषवारा तयार केला आणि भरायला गेला तर पान बंद. मला अजून त्याचा चेहरा आठवतो. तेव्हापासून मी महिना अक्षरात लिहिल्याशिवाय फळ्यावर काही लावत नाही, आणि तुम्हीही तसंच करा. शंका आली तर केंद्राला एका ओळीत विचारा, ते उत्तर देतात.

दुसरं, मुदतीचा तास. न्यूयॉर्कच्या घड्याळानं रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ किंवा साडेदहा. इथं उशीर झाला तरी सकाळ हातात असते. लंडनची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट. पण टोकियोची मध्यरात्र आपल्याकडं त्याच रात्री साडेआठला होते. जपानच्या परिषदेला "आज रात्री 12 पर्यंत आहे" म्हणून बसलात तर साडेतीन तास आधीच दार बंद झालेलं असतं. वहीत मुदत लिहायची ती आपल्या घड्याळानं, आणि खरी मुदत समजायची तिच्या दोन दिवस आधीची. शेवटच्या रात्री लाइट जाते हा आपल्याकडचा अनुभव आहे, त्यावर चर्चा नको.

खोट्या परिषदा

2016 साली मला एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'चं निमंत्रण ईमेलवर आलं. दोन दिवसांत निबंध स्वीकारला. 4500 रुपये भरायला सांगितले, मी भरले. गेले तर एका हॉटेलच्या हॉलमध्ये वनस्पतिशास्त्र, मार्केटिंग आणि मराठी साहित्य एकाच सत्रात चालू होतं, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि दाराशी प्रमाणपत्रांचा गठ्ठा. ते पैसे मी घरखर्चातून काढले होते.

खरी परिषद गोषवारा वाचायला आठवडे लावते, नकारही देते, आणि फी स्वीकृतीनंतर मागते. तिच्या बातमीत निवड समितीतल्या माणसांची नावं असतात, ती माणसं खरोखर कुठं शिकवतात ते शोधता येतं. विषय नेमका असतो. "सर्व विद्याशाखांचे निबंध स्वागतार्ह" हे दिसलं की पान मिटा. मॅडिसनला दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिण आशियावरची वार्षिक परिषद भरते, असोसिएशन फॉर एशियन स्टडीजची परिषद असते, लायडनच्या संस्थेची परिषद असते. यांची फी आपल्याला जड आहे, पण कमी उत्पन्नाच्या देशांतल्या लोकांना किंवा विद्यार्थ्यांना सवलत आहे का हे विचारायला लाजू नका. तुमच्यासारखे विचारणारे त्यांना रोज भेटतात.

गोषवारा लिहायचा कसा

आता मुख्य काम. हे एका मुलीच्या उदाहरणानं सांगते, तिच्या परवानगीनं, नाव न घेता. केज तालुक्यातली, एम.ए. इतिहास. घरी तिच्या पणजोबांची पत्र्याची पेटी. पेटीत निजामाच्या काळातला एक उर्दू कागद, घरचे त्याला 'मुंतखब' म्हणतात. घराणं हिंदू, आणि गावच्या दर्ग्यातल्या दिव्याला तेल घालण्याची चाकरी त्यांच्याकडं, त्याबद्दल थोडी इनाम जमीन. फळ्यावर तेव्हा एका युरोपीय केंद्राची बातमी होती: दख्खनमधली देवस्थानं आणि त्यांचे सेवेकरी, या विषयावर निबंध पाहिजेत.

तिनं पहिला गोषवारा आणला. सुरुवात अशी: "मराठवाडा ही संतांची पावन भूमी आहे. प्राचीन काळापासून इथं हिंदू-मुस्लिम ऐक्य नांदत आहे. प्रस्तुत निबंधात या ऐक्याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे." इंग्रजीत होता, पण असाच. पेटीचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत, तोही "काही प्राथमिक साधने" एवढाच.

मी तिला म्हटलं, तू कागद घेऊन ये. कापडात गुंडाळून, लॅमिनेशन न करता, सेलोटेप न लावता. आणला. आम्ही तो टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उघडला. पुढच्या बाजूला उर्दू, खाली गोल शिक्का, वर तारीख 1320 फसली. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1910-11. कागद उलटला तर मागं मोडीत सात ओळी, वेगळ्या शाईत, उतरत्या. मोडी येणाऱ्या एका सेवानिवृत्त गुरुजींना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचत गेले. तेलाचा हिशोब होता. दर्ग्याला इतकं, मारुतीला इतकं.

ती मुलगी गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, पुढच्या बाजूला तर मारुतीचं नावच नाही."

तिथं तिचा निबंध सुरू झाला. सरकारदरबारी एका दिव्याची नोंद, घरच्या हिशोबात दोन दिवे. दुसरा गोषवारा तिनं असा लिहिला: "बीड जिल्ह्यातल्या एका घरात 1320 फसलीचा एक कागद आहे. त्याच्या पुढच्या बाजूला उर्दूत राज्यानं दर्ग्याच्या दिव्यासाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. मागच्या बाजूला मोडीत त्याच घराचा तेलाचा हिशोब आहे, आणि त्यात दिवे दोन आहेत. राज्याला जे दिसलं आणि घरानं जे केलं, यातलं अंतर हा निबंध तपासतो." त्यापुढं दोन वाक्यं आधीच्या अभ्यासकांबद्दल, तीन वाक्यं ती आणखी कुठले कागद आणि कुणाच्या मुलाखती बघणार आहे याबद्दल, एक वाक्य यातून काय कळेल त्याबद्दल. 260 शब्द.

तुम्हीही असंच करा. पहिल्या वाक्यात एक वस्तू, एक जागा किंवा एक माणूस आणा, जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्यातलं काय जुळत नाही ते सांगा. जे जुळत नाही तोच तुमचा प्रश्न. 'आढावा', 'प्रयत्न', 'प्रकाशझोत', 'वैभवशाली परंपरा' हे शब्द आधी लिहून झाल्यावर शोधून खोडा. ऐक्य आहे हे तुम्ही सांगायचं नाही, दोन दिव्यांचा हिशोब मांडायचा. वाचणाऱ्याला काय समजायचं ते तो समजतो.

इंग्रजीची भीती वाटते ना? आधी मराठीत लिहा, पक्कं करा, मग इंग्रजीत न्या. मराठी शब्द टाळू नका. 'इनाम', 'चाकरी', 'बलुतं', 'मानकरी' हे शब्द तसेच ठेवून कंसात अर्थ द्यायचा. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश फुकट आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. तुमच्या आजीच्या तोंडचा शब्द मोल्सवर्थमध्ये सापडला की अंगावर काटा येतो. त्या मुलीला 'दिवाबत्ती'खाली नेमका अर्थ सापडला आणि तिनं तोच वापरला.

आधीचं काम शोधणं

"माझ्या विषयावर कुणी लिहिलेलं नाही" हे गोषवाऱ्यात लिहू नका. जवळजवळ नेहमी कुणीतरी लिहिलेलं असतं. शोधायचं कसं, तर विद्यापीठांच्या ग्रंथालयसूचीत. तिथं मराठी पुस्तकं खूप आहेत. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. पीएल-480 या अमेरिकन कायद्याखाली आलेला गहू आपल्या आजोबांनी रेशनवर आणला, त्याचे पैसे आपल्या सरकारनं रुपयांत चुकते केले. त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1962 पासून भारतातली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. म्हणून लातूर-नांदेडकडं छापलेलं, आपल्या कॉलेजात नसलेलं पुस्तक तिकडच्या सूचीत भेटतं.

फक्त शोधताना स्पेलिंगची अडचण येते. तिथं मराठी नावं रोमन लिपीत एका ठरावीक पद्धतीनं लिहितात, आपण सहीत लिहितो तशी नाही. व्यंजनातला 'अ' ते सगळीकडं लिहितात. तुकाराम, एकनाथ यांच्या शेवटी 'ए' अक्षर येतं. ज्ञानेश्वर 'डी' नं सुरू होत नाही, 'जे' नं होतो. हे माहीत नसल्यानं पोरं "काहीच सापडलं नाही मॅडम" म्हणून परत येतात. गावांची नावंही जुनी-नवी दोन्ही टाका: औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव. आमचं अंबाजोगाई निजामाच्या काळच्या कागदांत मोमिनाबाद म्हणून आहे. मोमिनाबाद टाकलं की तिथल्या घोडदळाच्या छावणीचे उल्लेख निघतात, अंबाजोगाई टाकलं तर मुकुंदराज आणि दासोपंत. गाव एकच, पण कपाटं दोन.

घरचे कागद

इथं सावध राहा. इनाम आणि देवस्थानच्या जमिनींचे वाद आजही कोर्टात आहेत. कागद छापायच्या आधी घरातल्या थोरांना आणि भावकीला विचारा, गट नंबर झाकून ठेवा. त्या मुलीच्या चुलत्यांनी आधी नकार दिला होता. तिचे वडील आणि ती दोघं जाऊन बसले, गोषवारा मराठीत वाचून दाखवला, तेव्हा ते हो म्हणाले. हे बसणं टाळता येत नाही आणि टाळूही नये.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, पाठवूही नका. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दोन्ही बाजू म्हणते, कारण मागची बाजू विसरणारे फार. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम 2004 पासून धोक्यातल्या कागदांच्या डिजिटल प्रती करायला पैसे देतो, आणि त्यांचाही नियम आहे की मूळ कागद त्या देशाबाहेर जात नाहीत. त्यामुळं "मूळ पाठवा" असं कुणी म्हणत असेल तर तिथंच थांबा. 2023 मध्ये शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती वानवा आहे ते सगळ्यांना कळलं. तुम्ही मोडी शिका. तीन महिने रोज एक तास दिला तर हाताला लागते. केंद्राच्या निवड समितीला मोडी येणारा विद्यार्थी फार क्वचित भेटतो.

बारीकसारीक, पण अडवणारं

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पासपोर्टवर नाव वेगळ्या क्रमानं येतं. गोषवारा पाठवताना नाव पासपोर्टप्रमाणं लिहा, कारण बोलावणं आलं तर व्हिसाचं पत्र त्याच नावानं निघतं. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, निवडीची वाट बघू नका. आता बऱ्याच जिल्ह्यांच्या पोस्टातही सोय झाली आहे.

शिफारसपत्र मागायचं असेल तर सरांना तीन आठवडे द्या, आणि सोबत तुमचा गोषवारा द्या. पुष्कळ ठिकाणी पत्र कागदावर चालत नाही, सरांच्या ईमेलवर दुवा जातो आणि तो त्यांनीच उघडून भरायचा असतो. सरांचा तो ईमेल चालू आहे का ते आधी बघा. नसेल तर त्यांच्या शेजारी बसून भरून घ्या, चहा सांगा, घाई करू नका.

केंद्राला पत्र लिहिताना पाच-सहा ओळी पुरतात. मी कोण, कुठली, तुमची बातमी वाचली, माझ्याकडं हे आहे, हा माझा प्रश्न. "परमआदरणीय" वगैरे नको, आणि "मी एका मागास भागातून येते" हेही नको. मराठवाडा कसा आहे ते तुमच्या कामातून दिसू द्या.

नकार आला तर फाइल फेकून देऊ नका. कारण विचारलं तर काही जण दोन ओळी लिहितात, त्या दोन ओळी सोन्याच्या असतात. तोच गोषवारा दुरुस्त करून दुसऱ्या बातमीला लावता येतो. आमच्या मुलीलाही आधी एका ठिकाणाहून नकार आला होता, "साधनं चांगली, प्रश्न अस्पष्ट" असा. तो पहिला, संतांच्या भूमीचा गोषवारा होता.

निवड झाल्यावर

ती ऑनलाइनच बोलली. प्रवासाचा खर्च झेपणारा नव्हता, केंद्रानं तशी सोय दिली. संध्याकाळी साडेसातचं सत्र होतं. मी वाचनालय उघडं ठेवलं, कॉलेजच्या नेटसोबत दोन मोबाईलही तयार ठेवले. वीस मिनिटं वेळ होता. आम्ही आठ दिवस घड्याळ लावून वाचून घेतलं होतं, वीस मिनिटांत साधारण नऊ पानं दुहेरी ओळींची बसतात, त्याहून जास्त नाही. तिनं पहिल्या चित्रात कागदाची पुढची बाजू दाखवली, दुसऱ्यात मागची, आणि दोन्हींमध्ये काही क्षण काहीच बोलली नाही.

प्रश्न तीन आले. दोन इनामाच्या कायद्याबद्दल, ते तिला आले. तिसरा एका वयस्क प्राध्यापक बाईंनी विचारला: दिव्याला तेल कुठलं घालत? तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, मी आजीला विचारून कळवते." प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर हेच म्हणायचं असतं, आणि मग खरंच कळवायचं असतं. सत्र संपल्यावर ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची नावं लगेच लिहून घ्या, आठवड्याच्या आत प्रत्येकाला पत्र टाका. पुढची ओळख तिथूनच होते.

रविवारी ती गावी गेली. आजी ओसरीवर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "करडईचं. अन् उरुसाच्या रात्री तिळाचं. तुझ्या पणज्यानं घाण्यावरनं स्वतः आणायचं, दुसऱ्याच्या हातचं चालत नव्हतं." मग लसणाचं सुपडं बाजूला सारून त्यांनी आतून एक पितळी मापटं आणलं, बुडाशी काळं पडलेलं, त्याच मापानं तेल जायचं. पोरीनं त्याचा फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून, वरून आणि खालून, आणि सोमवारी सकाळी वाचनालयात बसून त्या बाईंना पत्र लिहिलं.